जोड जमली पाहिजे

(सांगलीत हौशी आकाशनिरीक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. विषय : दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी पाहण्यासाठी आयपीसची, म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या भिंगाच्या नळीची, निवड.)

नमस्कार मंडळी. माझं चष्म्याचं दुकान आहे, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. दिवसभर माणसांना खुर्चीत बसवून "हे स्पष्ट की ते स्पष्ट?" असं विचारायचं, आणि रात्री आकाश मोकळं असलं की गच्चीवर आठ इंची डॉब, म्हणजे डॉब्सोनियन दुर्बीण, मांडायचा, असा माझा दिनक्रम. दिवसाचं काम आणि रात्रीचा छंद एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे मला फार उशिरा उमगलं. बायनोव्ह्युअर घेतला तेव्हा उमगलं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. फोकसरमध्ये, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या नळीत, एक आयपीस लावतो, त्याच्या जागी ही प्रिझमची पेटी लावायची. दुर्बिणीतून आलेला प्रकाश ती दुभागते, अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे, आणि दोन्हीकडे एकेक आयपीस बसतो. दुर्बीण एकच, डोळे दोन. ही हौस आजची नाही. १६०८ साली हॉलंडमध्ये हान्स लिपरशेनं दुर्बिणीचं पेटंट मागितलं, तेव्हा तिथल्या सरकारनं त्याला दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी दुर्बीण करून द्यायला सांगितलं होतं. त्यानं ती करून दिली, पैसेही मिळाले, पेटंट मात्र मिळालं नाही. म्हणजे दुर्बीण जगाला कळली त्याच वर्षी ही मागणीही आली.

आणि मागणी रास्त होती. एक डोळा मिटून अर्धा तास चंद्र पाहणाऱ्या माणसाचा चेहरा बघा. गाल वर ओढलेला, भुवई खाली, मान आखडलेली. दोन्ही डोळे उघडे ठेवले की चेहरा सैल पडतो आणि माणूस निवांत बघत राहतो; ग्रहावरचे बारकावे निवांत बघणाऱ्यालाच दिसतात. शिवाय फिका फरक ओळखण्याची दोन डोळ्यांची ताकद एका डोळ्यापेक्षा साधारण ४० टक्के जास्त असते, हे मोजून ठरलेलं आहे. गुरूवरचे पट्टे म्हणजे फिका फरकच. पन्नाशीनंतर डोळ्यात जे धागे आणि ठिपके तरंगतात, ते मोठ्या वर्धनाला फार त्रास देतात. दोन डोळे उघडे असले की एका डोळ्यातला डाग दुसऱ्या डोळ्याच्या स्वच्छ चित्रात विरून जातो. आणि चंद्र चक्क भरीव दिसतो. खरं तर दोन्ही डोळ्यांकडे एकच चित्र गेलेलं असतं, खोली कळायला जो फरक लागतो तो त्यात नसतोच. तरीही कोपर्निकस विवराच्या कडेवरून आपण आत डोकावतोय असं वाटतं. मेंदू ते आपणहून करतो.

तोटाही सांगून टाकतो. प्रत्येक डोळ्याला निम्माच प्रकाश मिळतो. माझी २०३ मिलिमीटरची दुर्बीण प्रत्येक डोळ्यापुरती १४३ मिलिमीटरची होते, प्रिझममध्ये थोडं जातं ते वेगळंच. चंद्र, ग्रह, तेजस्वी तारकागुच्छ यांना काही फरक पडत नाही. अंधुक दीर्घिका मात्र मी आजही एका डोळ्यानंच बघतो.

आता निवडीकडे येऊ. बहुतेक जण सुरुवात दुर्बिणीच्या आकड्यांपासून करतात : इतकं नाभीय अंतर, इतकं वर्धन, म्हणून अमुक आयपीस. एका आयपीससाठी ते चालतं. जोडीसाठी आधी स्वतःच्या डोळ्यांपासून सुरुवात करा, असं माझं ठाम मत आहे.

चष्मा करताना आम्ही दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतो, पीडी म्हणतो त्याला. तुमच्यापैकी अनेकांच्या कपाळाला मी ती पट्टी लावलेली आहे. मोठ्या माणसांत ते बहुधा ५५ ते ७२ मिलिमीटरच्या दरम्यान असतं, सरासरी ६३ च्या आसपास. आयपीसची जोडी याच अंतरावर बसणार. समजा तुमची पीडी ६० आहे आणि तुम्हाला आवडलेला आयपीस वरच्या बाजूला ४५ मिलिमीटर रुंद आहे. दोन आयपीस ६० वर आले की मध्ये फट उरली १५ मिलिमीटर. त्या फटीत नाक बसायचं आहे. आपल्याकडची नाकं नाकपट्टीला १५ मध्ये मावत नाहीत, हे फ्रेम बसवणारा माणूस म्हणून सांगतो. मग डोळा आयपीसपर्यंत पोचत नाही, कडेचं चित्र कापलं जातं, आणि महागातला रुंद दृश्यक्षेत्राचा आयपीस त्याच्या रुंदीसकट वाया जातो. प्लॉसल नावाचा साध्या रचनेचा आयपीस ३० ते ३५ मिलिमीटर रुंद असतो. फट उरते पंचवीस-तीसची, नाक आरामात बसतं. म्हणून आयपीस पाहायला गेलात तर आधी मोजपट्टी काढा, किंमत नंतर विचारा. दोन इंची आयपीसचा तर विचारच नको. या कामाला सव्वा इंची नळीच.

आता चष्मा. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना चष्मा आहे. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर तो फोकसरनं निघून जातो. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर बायनोव्ह्युअरच्या आयपीस-धारकांना स्वतंत्र फोकस फिरवायची सोय असते : उजवा डोळा मिटून डावा जुळवा, मग डावा मिटून फक्त उजव्या धारकाचं कडं फिरवा. चाळिशीचा तर प्रश्नच येत नाही, कारण चित्र दूरचं असल्यासारखंच डोळ्याला मिळतं. उरला सिलिंडरचा नंबर, म्हणजे डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसतो तेव्हा लागणारा. तो फोकसनं जात नाही. पण आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशझोत जितका बारीक, तितका सिलिंडरचा दोष कमी जाणवतो, कारण बाहुलीचा मधला छोटा तुकडाच वापरात येतो. बायनोव्ह्युअरनं ग्रह पाहताना हा झोत बहुधा एक-दीड मिलिमीटरचाच असतो. त्यामुळे अर्ध्या-पाऊण सिलिंडरच्या माणसानं चष्मा खुशाल काढून ठेवावा. दोन-अडीच सिलिंडर असेल तर चष्मा लावूनच बघावं लागेल, आणि मग डोळा लांब ठेवूनही पूर्ण चित्र देणारा आयपीस हवा, पंधरा-वीस मिलिमीटर अंतराचा. प्लॉसलमध्ये हे अंतर त्याच्या नाभीय अंतराच्या पाऊणपटीच्या आसपास असतं : २५ मिलिमीटर नाभीय अंतराचा प्लॉसल चष्म्यातून चालतो, १० च्या प्लॉसलला पापण्या घासतात. प्रोग्रेसिव्हचा चष्मा लावून मात्र दुर्बिणीपाशी येऊ नका. मान जरा वरखाली झाली की नंबर बदलतो.

एवढं झाल्यावर जोडीचा मुद्दा, आणि मला सगळ्यात जास्त याबद्दलच बोलायचं आहे.

मिरज इथून हाकेच्या अंतरावर. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ख्याल गाणाऱ्याच्या मागे दोन तंबोरे असतात. जोड तंबोरे करायचे असतील तर कारागीर भोपळे निवडतानाच दोन सारखे बघून बाजूला ठेवतो. आज एक करून घ्यावा आणि पाच वर्षांनी दुसरा, असं केलं तर दोन चांगले तंबोरे होतील, जोड होणार नाही. आयपीसचं तंतोतंत तसंच आहे.

मी ही चूक केलेली आहे. दुर्बिणीबरोबर २५ मिलिमीटरचा एक प्लॉसल आला होता. बायनोव्ह्युअर घेतल्यावर वाटलं, एक आहेच, त्याच्यासारखा दुसरा मागवू. मागवला. डबीवरचं लेबल तेच, आकडा तोच. पहिल्या रात्री गुरू पाहिला. दहा मिनिटांत डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मला वाटलं जागरण झालंय. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, वर डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात दोन्ही आयपीस ट्यूबलाइटखाली धरून तिरपे केले. एकाच्या भिंगावरचं प्रतिबिंब हिरवट, दुसऱ्याचं जांभळट, लेप वेगळे. रात्री ते आळीपाळीनं एकाच फोकसरमध्ये लावले, तर दर वेळी फोकस परत जुळवावा लागला. आणि चंद्रावरचं तेच विवर एकातून किंचित मोठं दिसत होतं.

हे 'किंचित मोठं' फार महत्त्वाचं आहे. पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात भिंग बसवत नसत, जाड भिंगाचा चष्मा देत. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या डोळ्यानं सगळं पंचवीस-तीस टक्के मोठं दिसायचं, दुसऱ्यानं नेहमीएवढं. मेंदूला ती दोन चित्रं जुळवताच यायची नाहीत. दाराच्या दोन चौकटी दिसतात म्हणून उंबऱ्यापाशी थबकणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. टक्के कमी झाले की दोन चित्रं दिसत नाहीत, फक्त थकवा येतो, आणि हे जास्त वाईट, कारण दोष कशाचा ते कळत नाही. आपण डोळ्यांना, वयाला, जागरणाला बोल लावत राहतो.

म्हणून दोन्ही आयपीस एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच खेपेतले घ्या. आल्याबरोबर प्रकाशात धरून लेपाचा रंग बघा. एकामागून एक त्याच फोकसरमध्ये घाला. फोकस न हलवता दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. जुना एक आणि नवा एक अशी काटकसर करू नका. मी शेवटी दोन्ही बाजूला ठेवून नवी जोडी घेतली. डोळ्याचं पाणी त्याच रात्री थांबलं.

आता दुर्बिणीचे आकडे. न्यूटनी दुर्बिणीत, म्हणजे आपल्या डॉबमध्ये, एक अडचण पहिल्याच रात्री येते : फोकस होत नाही. प्रकाशाला बायनोव्ह्युअरच्या आतून शंभर ते एकशे तीस मिलिमीटर जास्तीचा प्रवास करावा लागतो, आणि फोकसर तेवढा आत जाऊ शकत नाही. कोणी आरसा नळीत पुढे सरकवतात. मला ते करवत पाजळण्याचं काम वाटतं म्हणून केलं नाही. सोपा उपाय म्हणजे बार्लोचं, म्हणजे वर्धन वाढवणाऱ्या जोडणीचं, भिंग खोलून बायनोव्ह्युअरच्या तोंडाशी बसवायचं. ते प्रतिमा बाहेर ढकलतं आणि फोकस मिळतो. श्मिट-कॅसिग्रेन आणि माक्सुटोव्ह प्रकारच्या दुर्बिणीवाल्यांना हा त्रास नाही, त्यांचा मुख्य आरसाच पुढेमागे होतो.

पण बार्लो आला की वर्धन वाढतं, आणि किती वाढतं ते बार्लोवर लिहिलेल्या आकड्यावर जात नाही. बार्लो आणि आयपीस यांच्यातलं अंतर वाढलं की बार्लोचा गुणक वाढतो. माझा बार्लो दुपटीचा म्हणून विकलेला. खरा किती, ते मी आकाशाकडून मोजून घेतलं. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे आहेत ना, त्यातला आधी उगवणारा, मिंटाका, जवळजवळ बरोबर खगोलीय विषुववृत्तावर आहे. असा तारा एक अंश सरकायला चार मिनिटं घेतो. दुर्बीण स्थिर ठेवायची, तारा दृश्यक्षेत्राच्या एका कडेला आणायचा आणि मधोमध जाऊन दुसऱ्या कडेला नाहीसा होईपर्यंत मोबाईलवर वेळ लावायची. नुसता २५ चा आयपीस लावून आले २४३ सेकंद. तोच आयपीस बार्लोसकट बायनोव्ह्युअरमध्ये लावला तर ९३. भागाकार करा : २.६. दुपटीचा बार्लो अडीचपटीच्या वर गेला होता. माझ्या १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत २५ चा आयपीस ४८ पट वर्धन देतो, बायनोव्ह्युअरमध्ये तोच १२५ पट देतो. ही मोजणी केल्याशिवाय दुसरी जोडी विकत घेऊ नका. थंडीत संध्याकाळी दहा मिनिटांचं काम आहे.

आता गणित आपोआप सुटतं. २० ची जोडी मला १५६ पट देते, १५ ची २०८ पट. आपल्याकडची हवा शांत असलेल्या रात्री २०८ भरपूर आहे. गळीत हंगामात शेतात पाचट पेटलेली असते, वर धुराचा थर असतो, तेव्हा १२५ च्या पुढे जाऊन उपयोग नाही. १० ची जोडी ३१२ पट देईल, ती माझ्या दुर्बिणीला वर्षातून दोन रात्रीही लागणार नाही.

दहाच्या जोडीविरुद्ध दुसरं कारण माझ्या दुकानातलं आहे. जवळचं वाचताना डोळे आत वळतात, त्यांना ती सवय आहे. त्यामुळे आडव्या दिशेनं दोन चित्रं थोडी सरकलेली असली तरी डोळे ती ओढून एकत्र आणतात. वर-खाली मात्र डोळ्यांकडे जवळजवळ काहीच ताकद नसते. चष्म्यात उभ्या दिशेला अर्ध्या प्रिझमची चूकही आम्ही राहू देत नाही; चित्र किती सरकलं ते मोजायचं आमचं माप म्हणजे हा प्रिझम. आता बघा, आयपीस धारकात पाव मिलिमीटर वर बसला, तर २५ च्या आयपीसमध्ये एका प्रिझमएवढा फरक पडतो, १० च्या आयपीसमध्ये अडीच प्रिझमचा. एक प्रिझम डोळे कसाबसा सांभाळतील. अडीचला बहुतेकांना दोन गुरू दिसतात. चूक तेवढीच, छोट्या आयपीसनं ती अडीचपट केली. म्हणून जोडी लांब नाभीय अंतराची ठेवा आणि वर्धन बार्लोनं वाढवा. बार्लो दोन्ही डोळ्यांना एकच असतो, त्याचा दोष दोघांना सारखा वाटला जातो.

याच कारणानं आयपीस पकडणारा धारक बघून घ्या. एकाच स्क्रूनं आवळणारा धारक आयपीसला एका बाजूला रेटतो. गोल कडं फिरवून चोहोबाजूंनी आवळणारा चांगला. स्क्रूचाच असेल तर दोन्ही स्क्रू सारख्याच दिशेला ठेवून आवळा. आयपीसच्या नळीवर खाच असते, तिच्यात स्क्रू अडकून आयपीस तिरका होतो. बिनखाचेच्या सरळ नळीचे आयपीस मिळाले तर ते घ्या. जमलंय की नाही ते पाहायला दिवसा लांबच्या मोबाईल टॉवरवर दुर्बीण लावा, दोन्ही डोळ्यांनी बघा, आणि बघता बघता डोकं हळूहळू चार बोटं मागे घ्या. चित्रं शेजारी शेजारी सुटली तर काळजी नाही. एक वर, एक खाली झालं तर एक आयपीस जागच्या जागी थोडा फिरवून परत आवळा.

रुंद दृश्यक्षेत्राबद्दल थोडं सांगतो, कारण पैसे तिथे जातात. साध्या बायनोव्ह्युअरमध्ये प्रिझमचं मोकळं तोंड २०-२२ मिलिमीटर असतं. २५ च्या प्लॉसलमधलं आतलं काळं कडं, ज्याला फील्ड स्टॉप म्हणतात, ते साधारण २१ चं. दोघांची गाठ छान पडते. ३२ च्या प्लॉसलचं कडं २७ चं, म्हणजे प्रिझमच त्याची कड खाऊन टाकतं आणि चित्र कडेला काळवंडतं. मोठ्या प्रिझमचा महाग बायनोव्ह्युअर असेल तरच ३२ घ्या. आणि महागड्या आयपीसची खरी करामत असते ती रुंद शंकूच्या प्रकाशात कडेपर्यंत चित्र रेखीव ठेवण्याची. बार्लोमुळे आपला शंकू आधीच निमुळता झालेला असतो, माझ्याकडे एफ ६ चा एफ १५ होतो (एफ म्हणजे नाभीय अंतर दुर्बिणीच्या व्यासाच्या किती पट ते). त्यात साधा प्लॉसलही कडेपर्यंत रेखीव दिसतो. जॉर्ज प्लॉसल यानं व्हिएन्नात १८६० मध्ये केलेली ही रचना आहे, दोन जोडभिंगं समोरासमोर. बायनोव्ह्युअरला ती जितकी शोभते तितकी दुसरी क्वचितच.

सांभाळायचं कसं, हे सांगलीकरांना सांगायलाच हवं. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी आलं. आयपीस वरच्या फळीवर होते, भिजले नाहीत. पण महिनाभर घरात जी ओल होती तिनं एका आयपीसच्या आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. बुरशी नुसतं भिंग झाकत नाही, लेप खाते. जोडीतला एक गेला म्हणजे जोडीच गेली. तेव्हापासून हवाबंद डबा आणि सिलिका जेल. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर गरम करून परत आत. आयपीस मखमलीच्या पेटीत ठेवू नका, ओल धरते. थंडीत दंडोबाच्या डोंगरावर गेलात तर दोन आयपीसच्या मधोमध तुमचं नाक असतं हे लक्षात ठेवा, श्वास खाली सोडा, नाहीतर दोन्ही भिंगं एकदम धुरकटतात.

(श्रोत्यांतून प्रश्न आला : शाळेच्या मुलांना दाखवताना बायनोव्ह्युअर लावावा का?)

नको. लहान मुलांची पीडी बऱ्याचदा ५५ च्या खाली असते, तिथपर्यंत तो मिटतच नाही. शिवाय प्रत्येक मुलामागे अंतर बदला, फोकस बदला, आणि मूल संकोचानं "दिसलं" म्हणून निघून जातं. रांग असेल तर एकच चांगला आयपीस. बायनोव्ह्युअर घरच्या माणसांसाठी आणि मित्रांसाठी. माझ्या आईनं ऐंशीव्या वर्षी त्यातून चंद्र पाहिला. एका डोळ्यानं तिला कधीच जमलं नव्हतं, पापणी मिटायचीच नाही. त्या दिवशी खुर्चीवर बसून ती वीस मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, ह्याला तर कडा आहेत."

(दुसरा प्रश्न : पहिली जोडी कुठली घ्यावी?)

२५ चे दोन प्लॉसल. दोन महिने तेवढ्यावरच बघा, मिंटाकावर गुणक मोजा, मग हवी तर १५ किंवा २० ची. तीन जोड्यांच्या पुढे मी स्वतः गेलो नाही.

गच्चीवर दुर्बीण लावून ठेवली आहे. आज सप्तमीचा चंद्र आहे, अजून दोन तास तरी वर असेल. सिलिंडर कमी असलेल्यांनी चष्मे खिशात ठेवून या. पट्टी माझ्याकडे आहे, जिन्यातच प्रत्येकाची पीडी मोजतो, म्हणजे वर गेल्यावर वेळ जाणार नाही.